संगणक सुरू होईना, तेव्हा

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, छापण्यापुरते थोडे नीटनेटके करून)



संयोजकांचा निरोप होता, "तू नेमकं काय काम करतेस ते सगळ्यांना कळेल असं सांग." सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हटलं की लोक मला दोनच गोष्टी विचारतात. अमेरिकेला जाऊन आलीस का, आणि मोबाइलचं स्टोरेज भरलंय ते रिकामं करून देशील का. त्यामुळे कंपनीतलं काम बाजूला ठेवते. त्यातलं निम्मं सांगायची परवानगी नाही आणि उरलेलं निम्मं कंटाळवाणं आहे. त्याऐवजी आपल्याच शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये यंदा बारावीच्या परीक्षेआधी जे झालं ते सांगते. त्या लॅबमधली बरीचशी मशिनं आपल्या बॅचने दिलेली आहेत, म्हणून तुमचाही त्यात वाटा आहे. शिवाय त्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "लॅब बंद पडली, नव्या कॉम्प्युटरसाठी वर्गणी काढू या" असे मेसेज फिरत होते आणि मी "थांबा" एवढंच लिहिलं होतं. का लिहिलं, ते सांगायचं राहिलं होतं.

आधी लॅबची ओळख. एकूण 32 मशिनं. 24 जुनी, आपण चार वर्षांपूर्वी निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा करून दिलेली. आठ नवी, आपल्या मागच्या एका बॅचने यंदा दिलेली. लॅब सांभाळणारा मुलगा आपल्याच शाळेचा, आपल्यानंतर बऱ्याच वर्षांनी दहावी झालेला, कंत्राटी नेमणुकीवर. मला ताई म्हणतो. बारावीच्या आयटी विषयाची परीक्षा संगणकावर होते, तुमच्यापैकी ज्यांची मुलं बारावीला आहेत त्यांना ठाऊक असेल. ती परीक्षा पुढच्या गुरुवारी होती. त्याआधी सगळी मशिनं पुसून, एकसारखी, स्वच्छ तयार करायची होती.

आता 32 मशिनांवर एकेक करून विंडोज टाकायचं, त्यावर बाकीचं सगळं टाकायचं, सेटिंग्ज करायची म्हटलं तर एकट्या माणसाचा आठवडा जातो. म्हणून युक्ती अशी करतात की, एकच मशीन मन लावून नीट तयार करायचं आणि त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल एका सर्व्हरवर ठेवायची. तिला इमेज म्हणतात. मग ती इमेज नेटवर्कच्या वायरीवरून बाकीच्या मशिनांवर उतरवायची. शाडूच्या गणपतीचा साचा असतो तसं. हे काम करणारं फॉग नावाचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे आणि आपल्या लॅबमध्ये ते चार वर्षं बिनतक्रार चालू होतं. ज्याने ते बसवलं तो मुलगा मधल्या काळात नोकरी लागून निघून गेला.

शुक्रवारी संध्याकाळी आपल्या लॅबवाल्याने फॉगची आवृत्ती वाढवली. अपग्रेड केलं. "परीक्षेच्या तोंडावर हे धंदे कोणी सांगितले होते?" हा प्रश्न त्याला पुढच्या दोन दिवसांत शाळेतल्या किमान सहा लोकांनी विचारला, म्हणून आधी त्याचं उत्तर देते. आठ नव्या मशिनांमधलं नेटवर्क कार्ड फॉगच्या जुन्या आवृत्तीला ओळखताच येत नव्हतं. ती आठ मशिनं नसती तर विद्यार्थ्यांच्या तुकड्या बसत नव्हत्या. म्हणजे अपग्रेड ही हौस नव्हती. आणि करण्याआधी त्याने जुन्या फाइलींची प्रत एका वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेसह ठेवली होती. हे मी दोनदा सांगितलं तरी चालेल, कारण पुढचं सगळं त्या फोल्डरमुळे शक्य झालं.

अपग्रेड सुरळीत झालं. एकही लाल ओळ नाही. मग त्याने एक जुनं मशीन इमेज उतरवण्यासाठी चालू केलं. फॉगचा मेनू आला. पर्याय निवडला. दोन फाइली उतरल्या, दोन्हींपुढे "ओके" आलं. आणि मग पडदा काळा होऊन इंग्रजी ओळींचा लोंढा आला आणि थांबला. शेवटची ओळ होती: "कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(1,0)". दुसरं मशीन, तेच. तिसरं, तेच.

पॅनिक हा शब्द वाचला की माणूसही पॅनिक होतो. शनिवारी सकाळी शाळेत जो जो लॅबच्या दारातून डोकावला त्याने आपापलं निदान केलं. वायर गेली, स्विच गेला, व्हायरस आला, लाइटचा झटका बसला. वार्षिक देखभाल करणारे एक गृहस्थ येऊन "हार्ड डिस्का गेल्या, मशिनं जुनी झाली" असं सांगून नव्या मशिनांचं कोटेशन ठेवून गेले. तेच कोटेशन आपल्या ग्रुपवर आलं. आणि एका मीटिंगमध्ये असंही ठरत होतं की, या मुलाला परीक्षेनंतर मुदतवाढ द्यायची नाही. त्याने मला शनिवारी दुपारी फोन केला तेव्हा त्याला मशिनांपेक्षा त्याची काळजी जास्त होती. ते त्याच्या आवाजावरून कळत होतं.

मी त्याला विचारलं, "कुठपर्यंत आलं?"

आमच्या कामात हा एकच प्रश्न खऱ्या उपयोगाचा आहे असं माझं मत झालंय. काय बिघडलं हे नंतर. कुठपर्यंत नीट आलं होतं हे आधी. त्यासाठी मशीन नेटवर्कवरून सुरू होतं म्हणजे काय काय घडतं हे डोळ्यांपुढे असावं लागतं. ते मी शाळेच्याच भाषेत सांगते.

शाळेत नवीन आलेलं पोर पहिल्या दिवशी फाटकाशी उभं आहे. त्याला काहीच माहीत नाही. वर्ग नाही, हजेरी क्रमांक नाही, कोणाला विचारायचं तेही नाही. म्हणून ते मोठ्याने ओरडतं, "इथं कोणी आहे का? माझी जागा कुठली?" नेटवर्कवरून सुरू होणारं मशीन अगदी हेच करतं. त्या ओरडण्याला उत्तर देणारी व्यवस्था म्हणजे डीएचसीपी. ती सांगते, तुझा पत्ता हा आणि पुढची माहिती अमुक सर्व्हरकडून अमुक नावाची फाइल मागून घे. गंमत म्हणजे आज जगभर चालणाऱ्या डीएचसीपीचे नियम ज्या कागदपत्रात आहेत ते मार्च 1997 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच महिन्यात आपण सगळे दहावीचे पेपर देत होतो.

मग ते पोर सांगितलेल्या खिडकीशी जाऊन ती फाइल मागतं. ही खिडकी टीएफटीपी नावाची, 1981 पासूनची, फार साधी. ओळखपत्र विचारत नाही, पासवर्ड विचारत नाही. 512 बाइटचा एक तुकडा देते, "मिळाला" म्हटल्यावरच पुढचा देते. रेशनच्या दुकानासारखं. मोठ्या फाइली अशा मागत बसलं तर वेळ जातो, म्हणून पहिली फाइल अगदी छोटी असते. तिचं काम एवढंच की मशीनला थोडं शहाणं करायचं. ते शहाणपण म्हणजे आयपीएक्सई नावाचा छोटा प्रोग्राम. तो आला की मशीन वेब पान उघडावं तशा फाइली भराभर मागू शकतं. मग मेनू येतो आणि मेनूतून निवड केली की दोन मोठ्या फाइली उतरतात.

पहिली फाइल कर्नल. म्हणजे लिनक्सचा गाभा, जो मशीनचा मेंदू, आठवण, नेटवर्क, डिस्क या सगळ्यांशी बोलतो. दुसरीचं नाव इनिट. तिच्यात प्रत्यक्ष काम करणारी अवजारं असतात: डिस्क पुसणारी, इमेज उतरवणारी. ही दुसरी फाइल घट्ट दाबून, गुंडाळून पाठवलेली असते. कर्नल चालू झाला की तो मशीनच्या रॅममध्ये एक खोली आखतो, त्या खोलीत ही वळकटी सोडतो आणि मग त्या खोलीलाच आपलं घर मानून कामाला लागतो. या खोलीला रॅमडिस्क म्हणतात. लक्षात ठेवा, मशीनच्या खऱ्या हार्ड डिस्कला अजून कोणी हातसुद्धा लावलेला नाही.

एवढं डोळ्यांपुढे ठेवून आता ती शेवटची ओळ वाचा. "रूट एफएस माउंट करता आली नाही", म्हणजे घर म्हणून जी जागा धरायची होती ती सापडली नाही किंवा ती घरासारखी दिसली नाही. आणि कुठली जागा? कंसातले आकडे ते सांगतात. लिनक्समध्ये पहिला आकडा म्हणजे साधनाची जात. 1 ही जात रॅमडिस्कची. साध्या साटा हार्ड डिस्कचा आकडा 8 असतो. म्हणजे (1,0) म्हणजे पहिली रॅमडिस्क. हार्ड डिस्का गेल्या असं म्हणणाऱ्यांना ओळीतल्या शेवटच्या चार अक्षरांतच उत्तर होतं. पण ती कोणी वाचली नव्हती, कारण सगळे "पॅनिक" वरच थांबले होते.

या शब्दाबद्दल थोडं विषयांतर करते. युनिक्सच्या आधी मल्टिक्स नावाची एक मोठी प्रणाली होती. तिच्यावर काम केलेल्या टॉम व्हॅन व्ह्लेक यांनी लिहून ठेवलंय की, आपला निम्मा प्रोग्राम चुकांमधून सावरण्यासाठीच आहे असं त्यांनी एकदा युनिक्सवाल्या डेनिस रिची यांना सांगितलं. रिची म्हणाले, आम्ही ते सगळं गाळलं. काही बिनसलं तर आमच्याकडे पॅनिक नावाचा एक प्रोग्राम आहे. तो चालला की मशीन थांबतं आणि आम्ही ओरडून सांगतो, पुन्हा चालू करा. तर पॅनिक म्हणजे यंत्राची घबराट नव्हे. "मला पुढचं ठाऊक नाही, उगाच पुढे जाऊन नुकसान करणार नाही, इथेच थांबतो" असा तो अर्थ. "नॉट सिंकिंग" म्हणजे हातातलं काही डिस्कवर लिहीत नाही. शहाण्या माणसाने याहून वेगळं काय केलं असतं?

असो. मी त्याला म्हटलं, "एका मशीनची हार्ड डिस्क काढून बाजूला ठेव आणि पुन्हा चालू कर."

"ताई, डिस्कच नसेल तर चालू कसं होईल?"

"होऊ दे नाही तर नको होऊ दे. ओळ कोणती येते ते बघ."

त्याने डिस्क काढली. तीच ओळ, तेच आकडे. डिस्क सुटली संशयातून. हे पुराव्यानिशी झालं, आणि मी त्याला मुद्दाम ते फोनवर व्हिडिओ करून ठेवायला सांगितलं. कोटेशन देणाऱ्या गृहस्थांसाठी नव्हे, मीटिंगसाठी.

वायर आणि स्विचही सुटले. कारण मेनू आला होता आणि दोन्ही फाइली "ओके" म्हणून उतरल्या होत्या. फाटकापासून खिडकीपर्यंतचा सगळा रस्ता ठीक होता. उरले दोघे, नवा कर्नल आणि नवी इनिट फाइल. यातला कोण?

इथे ते तारखेचं फोल्डर कामी आलं. फॉगमध्ये एखाद्या एकाच मशीनला वेगळा कर्नल आणि वेगळी इनिट फाइल द्यायची सोय आहे. बाकीच्यांना धक्का न लावता एकावर प्रयोग करता येतो. जुना कर्नल आणि जुनी इनिट: चाललं. नवा कर्नल आणि जुनी इनिट: हेही चाललं! नवा कर्नल आणि नवी इनिट: पॅनिक. चौथी जोडी करायची गरज नव्हती, तरी त्याने केली: जुना कर्नल, नवी इनिट. पॅनिक. म्हणजे ओळीत नाव कर्नलचं होतं, पण कर्नल बिचारा फक्त निरोप्या होता. दुखणं नव्या इनिट फाइलीत किंवा तिला उघडण्याच्या जागेत होतं. वर्गात काच फुटल्यावर सरांना जाऊन सांगणाऱ्यालाच आधी छडी मिळायची, त्यातला प्रकार. (सर, हे तुम्हाला उद्देशून नाही.)

फाइल तुटकी उतरली असेल का? हे होतं. अपग्रेड चालू असताना इंटरनेट मध्येच गेलं तर सर्व्हरवर अर्धवट फाइल राहते. कधी फाइलीच्या जागी चक्क "पान सापडले नाही" असं लिहिलेलं वेब पानच फाइलीच्या नावाने बसलेलं असतं. कर्नलच्या बाबतीत असं झालं तर आयपीएक्सईच कुरकुरतं, "एक्झेक फॉरमॅट एरर" म्हणून. म्हणजे हे चालवण्यासारखं काही नाहीच. आमच्या इनिट फाइलीचा आकार बरोबर होता. पण आकारावर भागत नाही. प्रत्येक फाइलीसोबत एक चेकसम मिळतो, फाइलीच्या अंगठ्याच्या ठशासारखा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ठसा बदलतो. तो ताडून पाहिला. तंतोतंत. फाइल निर्दोष.

मग उरली जागा. पण याला पुरावा हवा होता. अंदाजाने सेटिंग्ज बदलत सुटणं मला पसंत नाही. त्याने कधी कधी काम होतं, पण कशाने झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच उभं राहावं लागतं. पुरावा त्या लोंढ्यात असणार होता. पॅनिकच्या आधी कर्नल बरंच काही सांगतो, फक्त ते इतक्या वेगाने वर सरकतं की डोळ्यांना दिसत नाही, आणि पॅनिकनंतर मागे जाता येत नाही. त्याला म्हटलं, "मोबाइल स्टँडवर लाव आणि स्लो मोशनमध्ये पडदा शूट कर." लग्नाचे व्हिडिओ काढायला लोक जे वापरतात तेच. मग तो व्हिडिओ आम्ही दोघांनी दोन गावांत बसून एकेक चौकट थांबवत पाहिला. शेवटच्या ओळीच्या थोडं आधी होतं: "रॅमडिस्क: इनकम्प्लीट राइट". लिहायला घेतलं, पण पुरतं लिहिता आलं नाही.

वळकटी सोडली, पण गादी खोलीत मावली नाही. निम्मी आत, निम्मी दाराबाहेर. अर्धवट गादीकडे बघून कर्नल म्हणाला, हे काही घर नाही.

खोलीचं माप कोण ठरवतं? सर्व्हर. कर्नलला चालू करताना एक चिठ्ठी देतात, तिच्यात बऱ्याच सूचनांसोबत रॅमडिस्कचा आकार किलोबाइटमध्ये लिहिलेला असतो. फॉगच्या सेटिंग्जमध्ये तो आकडा शोधला. 127000 होता. म्हणजे साधारण 124 एमबी. चार वर्षांपूर्वीच्या इनिट फाइलीला तेवढी खोली पुरत होती. चार वर्षांत नवनवी मशिनं, नव्या प्रकारच्या डिस्का, नवी अवजारं आली; ती सगळी आत घेऊन नवी फाइल फुगली होती. आकडा 275000 केला, म्हणजे सुमारे 268 एमबी. जतन केला. मशीन चालू केलं. ते सरळ पुढे गेलं आणि पाच मिनिटांत इमेज उतरू लागली.

आता कोणी म्हणेल, अपग्रेडने हा आकडा आपोआप का नाही बदलला? याचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून दोन मिनिटं जास्त घेते. सेटिंग्जमधले आकडे वापरणाऱ्याचे असतात. कोणी काही विचार करूनच तो आकडा तिथे ठेवला असेल असं धरून अपग्रेड त्याला हात लावत नाही. आणि ते बरोबरच आहे. तुमच्या घरी रंगारी आला आणि भिंत रंगवताना देव्हाऱ्याची जागाही बदलून गेला तर चालेल का? म्हणजे नवी फाइल बरोबर, जुना आकडाही त्याच्या काळात बरोबर, अपग्रेडचं वागणंही बरोबर, आणि तिन्ही एकत्र आल्यावर लॅब बंद. यात दोषी कोण असं विचारलं तर कोणी नाही. शाळेत, कंपनीत, घरात आपल्याला दोषी हाताशी लागतो, आणि बहुतेकदा तो ज्याने शेवटचा हात लावला तोच असतो. मुलाने शेवटचा हात लावला होता. त्याच्या आधी चार वर्षं त्या आकड्याकडे कोणी पाहिलंही नव्हतं, आणि तो पाहायला पाहिजे असं लिहून ठेवणारा माणूसही लॅबला कधी मिळाला नव्हता.

शनिवारी रात्री जुनी 23 मशिनं तयार होऊ लागली. 24 पैकी 23. चोविसाव्याबद्दल सांगते. आणि आठ नवी? ती अजून बंदच होती.

शाळेतले लोक म्हणाले, "म्हणजे दुरुस्त झालं नाहीच." पण पुन्हा तोच प्रश्न. कुठपर्यंत आलं? नवी मशिनं मेनूपर्यंतसुद्धा पोचत नव्हती. कर्नल, रॅमडिस्क हे सगळं फार पुढचं. ती फाटकाशीच अडकली होती. वेगळ्या जागी अडकलं म्हणजे कारण वेगळं असणार, हे गृहीत धरायला हरकत नाही.

जुनी मशिनं बायोस या जुन्या पद्धतीने सुरू होतात, नवी यूईएफआय या नव्या पद्धतीने. दोघांना लागणारी पहिली छोटी फाइल वेगळी. नवं मशीन फाटकाशी ओरडतानाच सांगतं की मी कुठल्या जातीचा आहे: बायोस असेल तर 0, नेहमीचं 64 बिटचं यूईएफआय असेल तर 7. पण लॅबमध्ये डीएचसीपीचं काम एक साधा राउटर करत होता आणि त्याच्याकडे एकच ठरलेलं उत्तर होतं. सगळ्यांना बायोसची फाइल. मराठी माध्यमाच्या मुलाला गुजराती पुस्तक दिल्यासारखं. पुस्तक चांगलंच आहे, पण वाचणार कसं? राउटर बदलण्याऐवजी फॉगच्या सर्व्हरवरच डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम बसवला. पत्ता राउटरनेच द्यायचा. कुठली फाइल मागायची ते मात्र हा जात पाहून सांगतो. शिवाय नव्या मशिनांत सिक्युअर बूट चालू होतं, अनोळखी प्रोग्राम चालूच द्यायचा नाही अशी पहारेदारी. ते इमेज उतरवण्यापुरतं बंद केलं. रविवारी दुपारी आठही मशिनं मेनूवर आली, आणि मेनूनंतर त्यांचं नेटवर्क कार्ड नव्या कर्नलने ओळखलं. ज्यासाठी अपग्रेड केलं होतं ते काम झालं.

राहिलं चोविसावं. त्यालाही पॅनिक येत होता. पण दरवेळी वेगळा! एकदा एका ओळीवर, एकदा दुसऱ्या, एकदा तर चक्क नीट सुरू होऊन मध्येच. सॉफ्टवेअरची खोड असली तर ती दरवेळी त्याच जागी भेटते. जे मशीन दरवेळी नवी सबब सांगतं त्याची रॅम तपासावी. मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवला, सकाळी पडदा लाल ओळींनी भरला होता. रॅमची एक पट्टी खरोखरच खराब होती. म्हणजे कोटेशनवाल्या गृहस्थांचं 32 मधल्या एका मशीनबाबत "हार्डवेअर गेलं" हे म्हणणं खरं ठरलं. फक्त डिस्क नव्हे, रॅम. दुसऱ्या बंद मशीनमधली पट्टी काढून लावली.

गुरुवारी परीक्षा झाली. मशीन अडल्यामुळे कोणाचा पेपर राहिला नाही. मीटिंगमध्ये काढलेली डिस्क आणि तीच ओळ असलेला तो व्हिडिओ दाखवला गेला आणि मुलाला मुदतवाढ मिळाली, हेही इथे सांगायला हवं, कारण मागचा आठवडाभर त्याच्याबद्दल बरंच बोललं गेलं होतं आणि ते परत घेणारा मेसेज आपल्या ग्रुपवर अजून कोणी टाकलेला नाही. आज टाकायला हरकत नाही.

आपल्या वर्गणीबद्दल एक विनंती. नवीन मशिनं द्यायचीच असतील तर जरूर द्या, पण एकाच प्रकारची द्या. सात कंपन्यांची दहा मॉडेलं म्हणजे लॅबवाल्याला सात प्रकारच्या सबबी. आणि मशिनांसोबत थोडे पैसे एका जाड वहीसाठी द्या. खरंच वहीसाठी. ती वही आता लॅबमध्ये आहे. तिच्या पहिल्या पानावर सर्व्हरवरचे बदललेले आकडे आहेत: काय होतं, काय केलं, कोणत्या तारखेला, कशामुळे. 127000 खोडून 275000 त्याच्याच अक्षरात लिहिलंय. दुसऱ्या पानावर कोणतं मशीन बायोसचं आणि कोणतं यूईएफआयचं याची यादी आहे. तिसऱ्या पानावर जुन्या फाइलींचं फोल्डर कुठे आहे ते. बाकी वही कोरी आहे.

ज्यांना पाहायचं असेल त्यांच्यासाठी आज लॅब पाच वाजेपर्यंत उघडी आहे. जुन्या चित्रकलेच्या वर्गात, पहिल्या मजल्यावर. तो मुलगा तिथेच आहे, त्याला काय विचारायचं ते विचारा, माझ्यापेक्षा तो सोपं करून सांगतो. चपला बाहेर काढाव्या लागतील, तो नियम बाईंनी अजून बदललेला नाही.